संघर्षाच्या छायेतील गावात घरच्या अन्नाची नोंद कशी ठेवावी

हे टिपण ग्रामसभेचे सचिव, बचत गटातील ताई, समाजकार्याचे विद्यार्थी आणि गावोगाव फिरणारे आरोग्य कार्यकर्ते यांच्यासाठी लिहिले आहे. विदर्भाच्या पूर्व टोकाला, गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली, भामरागड, धानोरा, कोरची, अहेरी, सिरोंचा अशा तालुक्यांत, १९८० च्या सुमारास नक्षलवादी दलमे, म्हणजे सशस्त्र तुकड्या, आली आणि पुढची चार दशके सशस्त्र संघर्षाने तिथल्या माणसांचे उठणे-बसणे बदलून टाकले. किती माणसे मारली गेली याची नोंद पोलीस ठाण्यात, न्यायालयात आणि वर्तमानपत्रांच्या जुन्या गठ्ठ्यांत सापडते. त्याच काळात एखाद्या घरात किती दिवस डाळ शिजली नाही, याची नोंद मात्र कोठेही नसते आणि पाच-सात वर्षांनी ती त्या घरालाही नीट आठवत नाही. ती वेळीच आणि कोणाला धोका न होता कशी ठेवावी, एवढाच या टिपणाचा विषय आहे.

१९९६ मध्ये रोमला भरलेल्या जागतिक अन्न शिखर परिषदेने अन्नसुरक्षेची जी व्याख्या स्वीकारली, तिच्या आधारे पुढे अन्नसुरक्षेच्या चार बाजू मानल्या जाऊ लागल्या. अन्न उपलब्ध असले पाहिजे, ते घराला मिळवता आले पाहिजे, खाल्लेले अंगी लागले पाहिजे आणि या तिन्ही गोष्टी वर्षभर टिकल्या पाहिजेत. नोंद घेणारे बहुतेक जण पहिल्याच बाजूपाशी, म्हणजे घरात धान्य किती आहे यापाशी, अडकतात. मीही अडकलो होतो. एटापल्ली तालुक्यातील एका घरात ढोली, म्हणजे धान साठवायची कणगी, कमरेइतकी धानाने भरलेली पाहून मी वहीत ‘धान्य पुरेसे’ असे लिहिले आणि उठण्याच्या तयारीत होतो, तेवढ्यात दुभाषी म्हणून सोबत आलेल्या मुलीने चुलीवरच्या भांड्याचे झाकण उचलून दाखवले. आत तांदळाची पातळ पेज होती आणि शेजारच्या वाटीत चिंचेचे पाणी. घरच्या बाईंना आम्ही सगळेच आत्या म्हणत होतो. त्या एवढेच म्हणाल्या, “भात हाये भाऊ, मीठ सरलं.” बाजाराच्या वाटेवर एका माणसाचा खून झाला होता आणि तीन आठवडे त्या पाड्यातून कोणी बाजाराला गेले नव्हते. मीठ नव्हते, तेल नव्हते, मिरची नव्हती, डाळ तर नव्हतीच. माझ्या वहीप्रमाणे मात्र ते घर सुखी होते.

त्या दिवसापासून मी चौकशीची सुरुवात ढोलीपासून करत नाही, मिठापासून करतो. संघर्षाच्या काळात घरचे धान सर्वांत शेवटी संपते. त्याआधी वाटा बंद होतात, वाटा बंद झाल्या की जे विकत घ्यावे लागते ते संपते, आणि जे जंगलातून आणायचे ते जंगलातच राहते. १९४२ मध्ये जपानी सैन्य येईल या भीतीने इंग्रज सरकारने बंगालच्या किनारी भागातील होड्या ताब्यात घेतल्या किंवा नष्ट केल्या. त्या निर्णयाने कोणाच्या कोठारातला तांदूळ काढून नेला नव्हता, पण कोळ्यांची मासेमारी आणि होडीने चालणारी धान्याची ने-आण बंद पडली, आणि पुढच्या वर्षीच्या दुष्काळाच्या कारणांत ही होड्यांची गोष्ट आजही मोजली जाते. नदी ओलांडायला डोंग्याशिवाय सोय नसलेल्या, छत्तीसगडच्या सीमेवरील इंद्रावतीकाठच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

वर्षाचा तक्ता आधी काढावा

घरोघर जाण्यापूर्वी गावासोबत बसून वर्षाचा तक्ता काढावा. कागद नसला तरी चालते, गोटूलच्या, म्हणजे गावाने एकत्र बसण्याच्या जागेच्या, अंगणात कोळशाने बारा रकाने आखले आणि खडे मांडले तरी काम होते. बायकांचा तक्ता वेगळा काढावा आणि पुरुषांचा वेगळा, कारण पुरुष मजुरीचे आणि धान विक्रीचे महिने नेमके सांगतात, तर भाजी, मोह, सरपण आणि उसनवारी यांचे महिने बायकांनाच ठाऊक असतात. सर्वसाधारणपणे मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मे महिन्यात तेंदूपत्ता, जूनमध्ये पऱ्हे म्हणजे धानाची रोपे टाकणे, जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी म्हणजे लावणी, त्याच पावसात वास्ते (बांबूचे कोंब), सात्या (अळंबी) आणि तरोट्याची भाजी, ऑक्टोबरपासून कापणी, डिसेंबर-जानेवारीत मळणी व धान खरेदी केंद्राच्या फेऱ्या, आणि त्यानंतर मिरची तोडणीसाठी तेलंगणाकडे जाणे असा क्रम मिळतो. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा काळ बहुतेक घरांना जड जातो. जुने धान संपत आलेले असते आणि नवे लोंबीवर आलेले नसते.

आता याच तक्त्यावर संघर्षाचे दिवस मांडावेत. नक्षलवादी दरवर्षी २८ जुलै ते ३ ऑगस्ट हा शहीद सप्ताह आणि २ ते ८ डिसेंबर हा पीएलजीए (त्यांची सशस्त्र सेना) सप्ताह पाळत आले आहेत. या दोन्ही आठवड्यांत बंदची पत्रके लागतात, रस्त्यावर झाडे पाडली जातात, एसटीच्या फेऱ्या थांबतात, पोलिसांची गस्त वाढते आणि बाजार ओस पडतो. पहिला आठवडा ऐन रोवणीत येतो आणि दुसरा मळणीच्या व धान विक्रीच्या दिवसांत. पऱ्हे साधारण तीन-साडेतीन आठवड्यांचे झाले की ते रोवावे लागते, उशीर झाला की फुटवे कमी येतात. म्हणून जुलैअखेरीस बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतावर, न गेलेला आठवडा डिसेंबरच्या खळ्यात दिसतो. वर्तमानपत्रात ‘बंदला संमिश्र प्रतिसाद’ एवढीच ओळ येते. तुमच्या तक्त्यात मात्र त्या आठवड्यात किती घरांची रोवणी थांबली, मजूर कोठून येणार होते आणि ते का आले नाहीत, हे लिहिलेले असले पाहिजे.

मोहफुलाचे उदाहरण याहून बारीक आहे. मोहाची फुले पहाटे गळतात आणि ऊन चढण्याआधी वेचावी लागतात, नाहीतर जनावरे खातात किंवा ती वाळून कसदारपणा जातो. एरवी बायका अंधारातच टोपल्या घेऊन निघतात, काही जणी तर हंगामात झाडाखालीच झोपतात. पण अंधारात जंगलात हलणाऱ्या माणसाकडे बंदूकवाल्यांच्या दोन्ही बाजू संशयाने पाहतात. त्यामुळे ‘मोह वेचायला जाता का?’ या प्रश्नाचे उत्तर नेहमी ‘हो’ असेच येते, आणि त्या होकाराचा काही उपयोग होत नाही. ‘घरातून किती वाजता निघता?’ असे विचारावे. पूर्वी पहाटे चारला निघणारी बाई आता दिवस उगवल्यावर निघत असेल तर तिची टोपली अर्धीच भरते. फुलांचे वजन तिला सांगता येणार नाही, पण निघण्याची वेळ ती अचूक सांगते.

तेंदूपत्त्याबाबत आणखी एक प्रश्न जोडावा लागतो. सत्तर पानांचा एक पुडा या हिशेबाने मिळणारी मजुरी ही अनेक घरांसाठी वर्षातील सर्वांत मोठी रोख रक्कम असते, आणि आदिवासी भागातील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्यानंतर अनेक ग्रामसभा पानाची विक्री स्वतः करू लागल्याने बोनसचे पैसेही गावात येतात. हंगाम मात्र जेमतेम काही आठवड्यांचा. पाने गोळा करण्याची फळी जाळली गेली, ठेकेदार धमकीमुळे पळाला किंवा खंडणीपायी भाव पडला, तर त्या घराची वर्षभराची तेल-मिठाची, कपड्यांची आणि दवाखान्याची रोख जाते. हे नुकसान मे महिन्यात कोणाला जाणवत नाही, त्याची खरी झळ ऑगस्टमध्ये लागते. म्हणून ऑगस्टच्या उपाशीपणाचे कारण शोधताना मे महिन्यापर्यंत मागे जावे.

वहीत काय लिहू नये

या टिपणातला सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे, आणि घाईत असलेल्यांनी इतर काही न वाचता एवढाच वाचला तरी चालेल. वही उद्या कोणाच्याही हातात पडू शकते असे गृहीत धरूनच तिच्यात शब्द लिहावा. पोलिसांच्या हातात पडली तर कोणी अडचणीत येऊ नये आणि जंगलातल्यांच्या हातात पडली तरी कोणाच्या जिवावर बेतू नये. हा मुलूख ‘खबऱ्या’ या एका शब्दाने माणसे मारली गेलेला आहे, आणि ‘नक्षल्यांना जेवण दिले’ एवढ्यावरून माणसे कोठडीत गेलेला आहे, हे क्षणभरही विसरू नये.

घरांना क्रमांक द्यावेत, नावे लिहू नयेत. क्रमांक आणि नाव यांची जोडणारी यादी वेगळी ठेवण्यापेक्षा ती करूच नये, पुढच्या भेटीत घर ओळखण्यासाठी गावचा हाताने काढलेला ढोबळ नकाशा पुरतो. मोबाइलवर आवाज मुद्रित करू नये, घराचे छायाचित्र काढू नये, कारण छायाचित्रात ठिकाणाची नोंद आपोआप होते. कोण आले, केव्हा आले, किती जण होते, कोणत्या वाटेने गेले, हे विचारूच नये. कोणी आपणहून सांगितले तर ऐकून घ्यावे, पण पेन खाली ठेवावे. पेन खाली ठेवलेले दिसले की माणसाला धीर येतो, हा माझा अनुभव आहे.

मग बंदुकीच्या धाकाने रांधावे लागलेल्या जेवणाचा हिशेब कसा ठेवावा? तो वगळता येत नाही, कारण त्याचा भार मोठा असतो. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ नुसार प्राधान्य गटातील माणसाला दरमहा ५ किलो धान्य मिळते, म्हणजे पाच माणसांच्या घराला २५ किलो, दिवसाला सव्वाआठशे ग्रॅमच्या आसपास. पंधरा माणसांना एका वेळी प्रत्येकी २०० ग्रॅम तांदळाचा भात घातला तर ३ किलो तांदूळ जातो, म्हणजे त्या घराचे साडेतीन दिवसांहून अधिकचे रेशन एका रात्रीत संपते. डाळ आणि कोंबडा वेगळा. यासाठी वहीत ‘विक्री, बियाणे, मजुरी व पाहुणे यांखेरीज घराबाहेर गेलेले धान्य’ असा एकच रकाना ठेवावा आणि त्यात महिन्याचा एकत्रित अंदाज पायल्यांत लिहावा. या रकान्यात उंदरांनी खाल्लेले, देवाला वाहिलेले, चोरीला गेलेले आणि न सांगता येणारे असे सगळे एकत्र येते. कोणाला बोट दाखवता येत नाही, आणि गावाची बेरीज केली की भार किती आहे हेही कळते.

गावात कामाची सुरुवात उघडपणे करावी. ग्रामसभेत उभे राहून, गावपाटील आणि भूमिया (गावचा पुजारी) यांच्यासमोर, आपण काय विचारणार आणि काय विचारणार नाही हे माडिया बोलीतून सांगावे. पोलिसांच्या गाडीत बसून गावात जाऊ नये, पायी चालायची तयारी नसेल तर त्या दिवशी जाऊ नये. दुभाषी मुलगी शेजारच्या गावची असलेली बरी, कारण स्वतःच्या गावातल्या भानगडी तिच्यासमोर कोणी उघडत नाही.

एक चूल, सात दिवस

मोजणीचे एकक घर नसून चूल असावी. एका छपराखाली दोन चुली असू शकतात, आणि दोन छपरांची एक चूलही असू शकते. २००५ मध्ये इंद्रावतीपलीकडे, तेव्हाच्या दंतेवाडा जिल्ह्यात, सलवा जुडूम ही नक्षलवाद्यांविरुद्धची, सरकारचे पाठबळ असलेली सशस्त्र मोहीम सुरू झाल्यावर गावेच्या गावे उठली. सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०११ रोजी त्या कामासाठी आदिवासी तरुणांना विशेष पोलीस अधिकारी म्हणून हत्यारे देणे घटनाबाह्य ठरवले, पण तोवर शेते पडीत पडली होती आणि माणसे सोयऱ्यांच्या दारी गेली होती. सोयरा आला की त्याला कोणी शिधापत्रिका विचारत नाही, ताट वाढले जाते. म्हणून ‘या चुलीवर काल किती जणांचे रांधले?’ असे विचारावे. शिधापत्रिकेवर पाच नावे आणि चुलीवर नऊ माणसे हा फरक स्वतंत्र लिहून ठेवावा.

त्यानंतर मागच्या सात दिवसांत कोणता पदार्थ किती दिवस खाल्ला, हे विचारावे. जागतिक अन्न कार्यक्रम ही संस्था यासाठी जी गुणांकन पद्धत वापरते, ती आपल्या वहीतही सहज बसते. भात, ज्वारी, कोसरी यांसारख्या मुख्य धान्याला २ गुण, डाळीला ३, भाजीला १, फळाला १, मांस-मासळी-अंडी यांना ४, दुधाला ४, तेलाला अर्धा आणि साखर-गुळाला अर्धा. जितके दिवस खाल्ले तितक्याने गुणायचे आणि बेरीज करायची. बेरीज २१ पर्यंत आली तर आहार निकृष्ट, २१ च्या पुढे ३५ पर्यंत सीमेवरचा, आणि ३५ च्या वर बरा मानतात.

समजा, साध्या आठवड्यात एका चुलीवर सातही दिवस भात, चार दिवस डाळ, सहा दिवस भाजी, दोन दिवस टेंभरे किंवा चारे ही रानफळे, दोन दिवस मासळी, सहा दिवस तेल आणि चार दिवस गूळ होता. दूध नाही, ते या भागात फारसे नसतेच. बेरीज १४, १२, ६, २, ८, ३ आणि २ मिळून ४७ होते. आता बाजार बंद असलेल्या आठवड्यात त्याच चुलीवर सातही दिवस भात, तीन दिवस परसातली अंबाडी आणि एक दिवस उरलेसुरले तेल एवढेच होते. बेरीज १४, ३ आणि अर्धा मिळून साडेसतरा. भाताचे चौदा गुण दोन्ही आठवड्यांत तसेच आहेत. ज्याने फक्त ‘भात खाल्ला का?’ असे विचारले असते त्याला या दोन आठवड्यांत काहीच फरक दिसला नसता.

टेंभरे, चारे, वास्ते, सात्या, लाल मुंग्यांची चटणी, नदीतले छोटे मासे आणि खेकडे हे पदार्थ नाव घेऊन विचारावेत. नाव घेतल्याशिवाय ते कोणी सांगत नाही, कारण बाहेरून आलेल्या साहेबापुढे जंगलातल्या खाण्याचा उल्लेख करायला लाज वाटते, आणि कित्येकांच्या लेखी ते ‘जेवण’ नसते, ‘असंच तोंडात टाकलं’ असते. घराच्या पोषणाचा मोठा वाटा याच तोंडात टाकण्यातून येतो आणि जंगलाची वाट बंद झाली की तोच आधी तुटतो.

घराने तगून राहण्यासाठी काय केले, याचा दुसरा हिशेब याच बैठकीत घ्यावा. न आवडणारे, हलके अन्न किती दिवस खाल्ले (भार १), किती दिवस उसने आणले किंवा दुसऱ्यावर विसंबावे लागले (भार २), किती दिवस वाढप कमी केले (भार १), मुलांसाठी मोठ्यांनी किती दिवस कमी खाल्ले (भार ३) आणि किती दिवस एखादे जेवण गाळले (भार १). पाच, दोन, चार, तीन आणि तीन दिवस अशी उत्तरे आली तर ५, ४, ४, ९ आणि ३ मिळून २५ होतात, कमाल ५६ पैकी. अन्नटंचाईचे टप्पे ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत १९ आणि त्यापुढील आकडा संकटाचा मानतात. इथे एक खबरदारी घ्यावी लागते. संघर्षात जेवण गाळण्याचे कारण दरवेळी अन्न नसणे हेच नसते. रात्री चूल पेटलेली दिसू नये म्हणून अंधार पडण्याआधी एकदाच जेवून निजणारी घरे मी पाहिली आहेत. त्यांची नोंद करावीच, पण कारण शेजारी लिहावे.

ताट कोणाचे रिकामे

घराची सरासरी काढून थांबले की घरातली बाई हिशेबातून निसटते. ती सर्वांत शेवटी जेवते आणि उरले तेवढेच जेवते. त्यामुळे पुरुषमंडळी उठून गेल्यावर, भांडी घासण्याच्या वेळी, तिच्याशी वेगळे बोलावे आणि ‘काल तुम्ही काय जेवलात?’ असे थेट विचारावे. गरोदर आणि स्तनदा मातांना आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत एक वेळचे गरम जेवण मिळायचे असते. अंगणवाडी उघडी होती का, तिथे शिधा पोहोचला होता का आणि बाई तिथपर्यंत जाऊ शकली का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे वेगवेगळी येतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांच्या दंडाचा घेर अंगणवाडी सेविकेकडून मोजून घ्यावा. ११.५ सेंटिमीटरहून कमी म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या दरम्यान म्हणजे मध्यम. मोजपट्टीच्या लाल पट्ट्यात, म्हणजे ११.५ च्या खाली, आलेले मूल दिसले तर नोंदवही बंद करून आधी त्याला आरोग्य केंद्रात पोहोचवावे.

कारण वेगळे काढणे

सगळे संघर्षाच्या माथी मारण्याचा मोह होतो, आणि तसे केलेली नोंद पहिल्याच चौकशीत कोसळते. भामरागड तर पर्लकोटा नदीच्या पुराने दर पावसाळ्यात तुटते, त्याला बंदूक लागत नाही. तुडतुड्याने धान खाल्लेले असते, खरेदी केंद्राचे चुकारे अडकलेले असतात. आरमोरी-देसाईगंजकडे तर बायका जंगलात जात नाहीत त्या वाघाच्या भीतीने, आणि २०२१ पासून छत्तीसगडमार्गे आलेल्या रानटी हत्तींनी धानाच्या बांध्या तुडवल्या आहेत. म्हणून प्रत्येक चुलीचे महिन्यातील ‘बुडालेले दिवस’ मोजावेत: शेत, जंगल, बाजार, मजुरी आणि रेशन दुकान या पाच ठिकाणी जायचे असून जाता आले नाही असे दिवस. प्रत्येक दिवसापुढे पूर, आजार, वन्यप्राणी, पैसा नाही किंवा ‘वातावरण’ यांपैकी एक कारण लिहावे. ‘वातावरण बरोबर नव्हते’ हा या भागातला सर्वांना समजणारा आणि कोणालाही न अडकवणारा शब्द आहे, तोच वापरावा. शक्य असेल तर त्याच नदीकाठचे, तसेच धान पिकवणारे, पण जिथे तेवढ्या घटना घडल्या नाहीत असे दुसरे गावही त्याच आठवड्यात मोजावे. पुराने दोन्ही गावांचे दिवस सारखे बुडतात, वातावरणाने नाही.

रेशनचा प्रश्न या रकान्यात नीट तपासावा. दुर्गम गावांत पावसाळ्याच्या चार महिन्यांचे धान्य नवसंजीवनी योजनेखाली आधीच पोहोचवायचे असते. ते जूनपूर्वी आले का, की रस्त्याच्या भीतीने वाहनमालकाने नकार दिला, हे दुकानदाराला आणि गावाला वेगवेगळे विचारावे. दुकानातून एकदम जास्त तांदूळ उचलून जंगलाच्या वाटेने नेताना ‘हे कोणासाठी?’ असा प्रश्न येतो, म्हणून हक्काचे धान्यही थोडे-थोडे नेणारी माणसे असतात. त्यात मजुरीचे दोन दिवस जास्त जातात, आणि हे दोन दिवस बुडालेल्या दिवसांतच मोजावेत.

गडचिरोलीबाहेरच्या विदर्भात, जातीय हाणामारीनंतर एखाद्या वस्तीवर बहिष्कार पडला असेल, तर हीच पद्धत थोड्या फरकाने चालते. तिथे पिठाची गिरणी, किराणा दुकान, विहीर आणि शेतमजुरी ही चार ठिकाणे धरावीत. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यामुळे तारखेनिशी ठेवलेली नोंद तिथे पुरावा म्हणूनही कामास येते. बहिष्कृत घरांची स्वतःचीच तक्रार असल्यामुळे तिथे नावे लिहिण्याचा निर्णय त्या घरांवर सोडावा.

उशिरा दिसणारी हानी

घटना घडल्यावर महिनाभरात सगळे काही मोजून होत नाही. घर आधी कमी खाते, मग उसने आणते, मग शेळ्या विकते, मग बैल. बैल विकला की पुढच्या रोवणीला बांधी दुसऱ्याच्या बैलाने, तीही उशिरा, चिखलवली जाते. बियाण्याचे धान खाल्ले गेले असेल तर जूनमध्ये सावकाराकडून आणावे लागते आणि खळ्यावरच परत करावे लागते. माणूस मारला गेला किंवा तुरुंगात गेला अशा घरात नांगराचा हात जातो, आणि त्यासोबत कोर्टाच्या तारखांसाठी गडचिरोलीच्या वाऱ्या सुरू होतात, एका वारीत दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. जिल्ह्यातले दलम जवळपास संपले असे म्हटले जाते आणि वाटा खरोखरच मोकळ्या होत आहेत, पण विकलेली बैलजोडी शस्त्रे खाली ठेवल्याने परत येत नाही. म्हणून दहा वर्षांपूर्वी या चुलीकडे किती जनावरे होती आणि आज किती आहेत, हा प्रश्न आता विचारण्याची वेळ आहे. आठवण जागी करायला घटना विचारू नयेत, लग्ने विचारावीत: ‘मोठ्या मुलीच्या लग्नाच्या वर्षी गोठ्यात काय होते?’

नोंदीचे पुढे काय करावे

गावाची बेरीज आधी गावालाच, ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि कोणता आकडा बाहेर जाऊ द्यायचा नाही हे गावाला ठरवू द्यावे. एकदा एका गावाने मला ‘घराबाहेर गेलेले धान्य’ हा पूर्ण रकाना फाडायला सांगितला होता, आणि मी तो त्यांच्यासमोर चुलीत टाकला. उरलेल्या नोंदीतून जे हक्काचे आहे ते मागता येते. हक्काचे धान्य मिळाले नसेल तर अन्नसुरक्षा कायद्याखाली जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे आणि त्यापुढे राज्य अन्न आयोगाकडे दाद मागता येते, आणि कायद्याच्या कलम ८ मध्ये न मिळालेल्या धान्याबदली अन्नसुरक्षा भत्त्याची तरतूद आहे. चुलीवर नऊ आणि पत्रिकेवर पाच अशी घरे असतील तर नावे वाढवण्याचे अर्ज एकत्र द्यावेत. बाजाराचा दिवस बदलून सुरक्षित ठिकाणी भरवणे, रेशन दुकान नदीअलीकडे आणणे, रोजगार हमीची कामे ऑगस्टमध्ये गावाच्या हद्दीतच काढणे, असे ठराव ग्रामसभा स्वतः करू शकते, आणि बुडालेल्या दिवसांचा तक्ता जोडलेला ठराव पंचायत समितीत सहसा बाजूला टाकला जात नाही.

वर्षातून दोन भेटी पुरतात. पहिली ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात, रोवणी संपल्यावर, जेव्हा घरात सर्वांत कमी असते. दुसरी जानेवारीत, धान घरी आल्यावर. दोन्ही वेळा तीच माणसे, तेच प्रश्न आणि शक्यतो तीच दुभाषी मुलगी असावी. जाताना कोणाच्या घरी जेवायचा आग्रह झाला तर नाही म्हणू नये, पण पिशवीत किलोभर मीठ, पावशेर मिरची आणि तेलाची एक पिशवी घेऊन जावे आणि ते सगळे जेवणाआधी घरच्या बाईंच्या हाती द्यावे.